हातभर रिकामी जागा

"बाई, पाचव्या भोकाच्या पेट्या बघा ना. काय देखण्या आहेत! सहाव्यात काय ठेवलंय? वरपासून खालपर्यंत नुसता काळा दगड. बघून बघून डोळे दुखतील."

"मला सहावंच बघायचंय, मामा."

"आणि त्यातही अकरावी पेटी?"

"चाळीस ते चव्वेचाळीस मीटर. अकरावीतच येतं ना ते?"

"येतं. पण ती पार खालच्या फळीवर, कोपऱ्यात आहे. वाकून काढताना उसण भरेल."

"काढणार तुम्ही, आणि उसण माझ्या पाठीत भरणार होय?"

मामा हसला, पण जरा उशिरा हसला. बाईंच्या ते ध्यानात आलं नाही. त्या नव्या होत्या, बत्तीसेक वर्षांच्या असतील, भूगर्भ खात्याच्या मोठ्या कचेरीतून आल्या होत्या, आणि टेबलावर भिंग, आम्लाची बाटली आणि छोटा हातोडा मांडण्यात गुंतल्या होत्या.

मामाला त्याच्या बहिणीशिवाय कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे मामाच म्हणत. त्याआधी, यंत्रावर होता तेव्हा, त्याला ठोकळ्या म्हणत, कारण हातात कायम लाकडाचे ठोकळे आणि रंगाचा ब्रश. काम ऐकायला सोपं. यंत्र डोंगरात सरळ खाली भोक पाडत जातं आणि मधला दगड पोकळ नळीतून कांड्याकांड्यांनी वर येतो. मनगटाएवढ्या जाड, गुळगुळीत कांड्या. त्या ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं लाकडी पेटीत लावायच्या, वरचं तोंड वर, खालचं खाली, आणि दर खेपेच्या शेवटी खोली लिहिलेला ठोकळा बसवायचा. पेटीला चार कप्पे, प्रत्येक कप्पा मीटरभराचा. बस्स, एवढंच. पण एक कांडी उलटी पडली, किंवा ही तिथं आणि ती इथं झाली, की डोंगरच उलटा झाला समजा. खालचं वर आणि वरचं खाली. साहेब लोक डोंगर कधी आतून बघत नाहीत, पेटी बघतात. पेटीत जे असेल तो डोंगर.

आणि मामाच्या पेट्या म्हणजे बघत राहावं अशा. मोडलेल्या कांडीचं एक टोक दुसऱ्याला असं मिळवायचा की सांधा शोधावा लागे. दगड कसाही वेडावाकडा मोडो, त्याची दोन तोंडं एकमेकांना ओळखतात, असं तो म्हणे. "पेटी खोटं बोलत नाही," हे त्याचं दुसरं वाक्य. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवून ऐकवून त्यानं ते गुळगुळीत करून टाकलं होतं. घरी बायको म्हणायची, "तुमचं सगळं बोलणं दगडांशी. माणूस समोर आला की तोंडात गुळणी."

ही शेड होती खिंडीतल्या गावात, डोंगराच्या पाठीवर. पत्र्याचं लांबलचक छप्पर, आत लोखंडी मांडण्या, आणि त्यावर नऊशेच्या वर पेट्या. उन्हाळ्यात पत्रा तडतडतो, थंडीत दगड असे गारठतात की हाताची बोटं कुणाची तेच कळत नाही. मामा इथं बावीस वर्षं होता. त्याआधी यंत्रावर.

आणि डोंगर? डोंगर म्हणजे दोन खोऱ्यांच्या मधे आडवी पडलेली धार. माथ्यावर उभं राहून डावीकडे थुंकलं तर थुंकी एका नदीला मिळणार आणि उजवीकडे थुंकलं तर दुसरीला, असं मामा नव्या साहेबांना सांगायचा, आणि एखादा साहेब खरंच थुंकून बघायचा. बाहेरून एकच दगड वाटतो. आत मात्र गाद्यांची चळत आहे. माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी जमीन फाटली, आतला रस उतू गेला, पसरला, थिजला. मग बराच काळ शांत. तेवढ्यात त्या थिजलेल्या दगडावर माती धरली. मग पुन्हा रस आला आणि त्या मातीवर पसरला. माती खाली दबून विटेसारखी लाल भाजली. असं कितीदा झालं त्याची गणती नाही. म्हणून जाड काळ्या गादीखाली कुठं कुठं पातळ लाल पट्टा सापडतो. कोरडा असेल तर नखानं खरवडतो. ओला झाला की साबण.

आणि ही सगळी चळत जराशी कललेली आहे, उगवतीला, सकाळच्या बाजूला. शंभर पावलांना पाच-सात हात. डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला बरोबर कळतं. माथ्यावर पडलेला पाऊस फटीफटीतून खाली उतरतो, लाल पट्ट्याशी अडतो आणि त्याच्यावरून निमूट सकाळच्या बाजूला चालू लागतो. त्यामुळे मावळतीकडचा उतार कोरडा ठणठणीत, नुसते कडे, आणि सकाळच्या उतारावर ठिकठिकाणी झरे. जिथं झरे तिथं माणसं. त्या उतारावर अर्ध्या वाटेत एक रुंद पायरी आहे आणि पायरीवर तीस-बत्तीस घरांची वस्ती. झरे पायरीच्या काठाखाली. त्या वस्तीत मामाची थोरली बहीण नांदत होती. आक्का.

आता त्या वस्तीची घरं तडकत होती.

चार वर्षांपूर्वी पायरीच्या खालून जाणारा रस्ता रुंद केला. डोंगराचा पाय थोडा कापला आणि कापल्या जागी दगडी भिंत बांधून वर सिमेंट फासलं. पुढच्या पावसाळ्यानंतर पहिली भेग पडली. मग सतरा घरांत पडल्या. समिती नेमली गेली. समितीत दोन मतं होती. एक म्हणायचं, जमीन सरकतेय, वस्ती सगळीच्या सगळी माथ्यावरच्या सपाटीवर हलवा. दुसरं म्हणायचं, जमीन कुठली सरकतेय, घरंच कच्ची बांधलीत, पाया नाही, काही नाही, ज्यानं त्यानं आपापली डागडुजी करून घ्यावी. निवाडा करायला बाई आल्या होत्या. नवं भोक पाडायला मंजुरी नव्हती. पण बावीस वर्षांपूर्वी, डोंगरातून बोगदा काढायचा घाट घातला होता तेव्हा, नेमकं त्याच पायरीवर, घरांपासून शंभर पावलांवर एक भोक पाडलेलं होतं. बोगदा काही झाला नाही. पेट्या मात्र होत्या.

सहावं भोक.

"झरे फुटतात त्या उंचीला आत काहीतरी मऊ असणार, असा माझा अंदाज आहे," बाई म्हणाल्या. "हिशेबानं ते चाळीस-बेचाळीस मीटरवर यायला हवं. नोंदवहीत तर सलग काळा दगड लिहिलाय. म्हणून म्हटलं, स्वतः बघावं."

मामा गुडघे टेकून बसला आणि खालच्या फळीवरून अकरावी पेटी ओढू लागला. पेटी जड होतीच. पण बावीस वर्षांत त्यानं तिच्यापुढे आणखी चार पेट्या लावून ठेवल्या होत्या. त्या आधी काढाव्या लागल्या.

ती पेटी भरली त्या दिवशीचं मामाला सगळं आठवत होतं. विसरायला मिळालं असतं तर त्यानं कधीच सोडून दिलं असतं. दुपार होती. यंत्र घरघरत होतं, आणि भोकातून वर येणारं पाणी, जे सकाळपासून राखाडी होतं, ते एकदम लाल झालं. विटा धुतल्यासारखं. थोडा वेळ लाल आलं आणि पुन्हा राखाडी. मामाच्या विजारीवर, शर्टावर उडालं. नळी वर आली तेव्हा तीन मीटरच्या खेपेत दगड हातभर कमी. एक्केचाळीस मीटर तीस सेंटिमीटर ते एक्केचाळीस-सत्तर, काही नाही. मऊ माती पाण्याबरोबर वाहून गेलेली.

असं होतं. त्यात कुणाचा दोष नसतो. रीत अशी, की जेवढं मिळालं नाही तेवढ्या लांबीची, लाल रंगवलेली लाकडाची पट्टी त्या जागी ठेवायची. मिळालं नाही म्हणजे तिथं काही नव्हतं असं नाही, उलट तिथंच काहीतरी आहे, जे हाताला लागत नाही. जाणता माणूस पेटीत आधी लाल पट्टीच शोधतो.

पण पट्ट्या संपल्या होत्या. सुतार सुट्टीवर. मामानं पेटीत तेवढी जागा मोकळी सोडली, उद्या पट्टी आणू म्हणून. तेवढ्यात मुकादम आला, पेटीकडे बघून त्याचं तोंड कडू झालं.

"ए ठोकळ्या, हे काय? पेटीचा दात पडलाय!"

"मिळालंच नाही. लाल पाणी आलं."

"लाल पाणी आलं, निळं पाणी आलं! उद्या मोठे साहेब फोटो काढायला येणार आहेत. ही फट बघितली की म्हणतील, यंत्र नीट चालवलं नाही, पुन्हा पाडा भोक. पुन्हा चाळीस मीटर! पाऊस तोंडावर आलाय. सरकव वर."

"सरकव म्हणजे?"

"म्हणजे सरकव. तुला शिकवायला लागतंय? आख्ख्या खात्यात तुझ्याइतकी सुंदर पेटी लावणारा माणूस नाही, साहेबांनीच सांगितलंय मला."

इथं मामाला नंतर स्वतःशी खोटं बोलता आलं असतं, की मुकादमानं सांगितलं, आपण काय करणार, हुकुमाचे ताबेदार. मुकादम गेला मरून, त्याच्या नावावर काहीही खपलं असतं. पण खरं मामाला माहीत होतं. ती फट त्याला स्वतःलाच खुपत होती. दहा पेट्या एकसंध, कवळीसारख्या भरलेल्या, आणि ही अकरावी बोळकी. त्यानं खालच्या कांड्या वर सरकवल्या. खेपेच्या शेवटी हातभर जागा उरली, तिथं फुटका दगड होता, तो ऐसपैस पसरला, की बघणाऱ्याला वाटावं तुकडे आहेत म्हणून जागा जास्त लागली. राहिला सांधा. दोन कांड्यांची तोंडं जुळेनात. कशी जुळणार? त्यांच्या मधली माती गेलेली. मामानं कानस घेतली आणि खालच्या कांडीचं तोंड अर्धा तास घासलं. मग जुळलं. असं जुळलं की वा!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोटो काढला. तो फोटो चौकटीत घालून शेडला लागून असलेल्या कचेरीच्या व्हरांड्यात लावला, खाली लिहिलं, 'आदर्श पेटी'. त्यानंतर जेवढी पोरं कामाला लागली, त्यांना आधी त्या फोटोसमोर उभं केलं गेलं.

बायकोनं त्या दिवशीची विजार तीनदा धुतली. लाल काही गेलं नाही. शेवटी तिनं तिची फरशी पुसायची फडकी केली.

हे एवढंच असतं तर मामानं ते पचवलंही असतं. बोगदा झाला नाही, पेटी कुणी उघडली नाही. पण दहा वर्षांपूर्वी आक्का शेडवर आली होती. पिशवीतून डबा काढला, त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबल्या, पोराचं लग्न ठरतंय. मागच्या अंगाला एक पक्की खोली बांधावी म्हणतेय. तू डोंगराच्या पोटातलं बघतोस. सांग, तिथं बांधू का?"

तेव्हा मामाच्या जिभेवर आलं होतं. मग मनात आलं, हातभर मातीनं काय होतंय? एवढा मोठा डोंगर, एवढीशी माती. आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. तो हसला आणि म्हणाला, "बांध बिनधास्त. खाली काळा पाषाण आहे. हत्ती नाचवलेस तरी हलायचा नाही."

आक्कानं बांधली. पदरचं सगळं घालून बांधली.

पेटी टेबलावर आली. मामानं झाकण काढलं, ओल्या फडक्यानं धूळ पुसली. दगड ओला झाला की बोलका होतो, रंग वर येतो. बाई भिंग घेऊन एका टोकापासून निघाल्या. तोंडानं हळूहळू पुटपुटत होत्या आणि वहीत खुणा करत होत्या. एक्केचाळीस. एक्केचाळीस-दहा. वीस. तीस. सांध्यावरून भिंग पुढे गेलं.

"सलग," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "काहीच नाही हो, मामा. माझाच अंदाज चुकला म्हणायचा." त्यांनी पेन उचललं.

मामा म्हणाला, "बाई, मागं या."

"कुठं?"

"एक्केचाळीस-तीसला. तो सांधा बघा. भिंग नको, बोट लावा."

बाईंनी बोट लावलं.

"वरच्या कांडीच्या तोंडाला भाजल्याची कड आहे बघा, काचेसारखी. गरम रस मातीवर पसरला की अशी कड येते. आणि खालच्या कांडीत बारीक भोकं आहेत, वर जाता जाता वाढलेली. म्हणजे तो खालच्या थराचा माथा. दोन वेगळ्या गाद्या आहेत ह्या. एकीचं बूड आणि दुसरीची पाठ. त्यांचा सांधा जुळतो कसा?"

बाईंनी दोन्ही कांड्या उचलल्या. खालची फिरवून उजेडात धरली. तोंडावर कानशीचे ओरखडे होते, बारीक, एकाच दिशेचे, बावीस वर्षांपूर्वीचे.

"हे कुणी केलं?"

"मी."

मग मामानं सगळं सांगितलं. लाल पाणी, संपलेल्या पट्ट्या, मुकादम, कानस. आक्काची खोली शेवटी सांगितली. सांगताना तो बाईंकडे बघत नव्हता, पेटीकडे बघत होता.

बाईंनी दोन्ही कांड्या पेटीत परत ठेवल्या. मग बोलल्या त्या रागानं नाही, आणि तेच मामाला जास्त लागलं.

"मामा, इथं हातभर जागा रिकामी असती ना, तर मी आत्ता, या टेबलावर बसून सही केली असती. वस्ती हलवा म्हणून. मला फक्त तेवढी रिकामी जागा हवी होती."

"मग आता कळलं ना तुम्हाला? लिहा की."

"मला कळलं. समितीला काय दाखवू? फेरफार केलेली पेटी? ते पहिला प्रश्न विचारतील, एक सांधा घासला त्यानं बाकीचे घासले नाहीत कशावरून? दुसरा विचारतील, हा माणूस बावीस वर्षांनी आजच कसा बोलला? आणि मग कुणीतरी सांगेल, की त्याची बहीण तिथं राहते."

"पण मी खरं सांगतोय, बाई."

"ते दिसतंय मला. पण तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात ना, पेटी बघा म्हणून. माणसाचं ऐकू नका, पेटी बघा."

मामाला तोंडात मारल्यासारखं झालं.

अहवाल महिन्यानं आला. मामा गप्प बसला असता तर त्यात 'वस्तीला धोका नाही' असं आलं असतं. तो बोलला म्हणून 'सहाव्या भोकाच्या चव्वेचाळीसही पेट्या विश्वासार्ह नाहीत, नवीन भोक पाडल्याशिवाय काही सांगता येत नाही' असं आलं. बावीस वर्षं दाबून ठेवलेल्या गोष्टीनं जगात एवढाच फरक पडला. नवीन भोकाचा प्रस्ताव गेला. प्रस्ताव जातात, ते पायी जातात.

मामाला वाटलं, आता आपल्याला काढतील. त्यानं शेडच्या किल्ल्या फडक्यात बांधून तयार ठेवल्या होत्या. पण एक लेखी समज आली, ओळ-दीड ओळीची, आणि खाली, पेट्यांच्या मांडणीची माहिती अन्य कोणासही नसल्याने सेवेत कायम ठेवण्यात येत आहे. काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. व्हरांड्यातला फोटोही कुणी उतरवला नाही. तो फोटो नेमका कुठल्या पेटीचा, हे मामाशिवाय कुणाला ठाऊक होतं?

आक्काला सांगायला तो स्वतः गेला. बायको म्हणाली, "चिठ्ठी पाठवा." तो म्हणाला, "नाही." "मग जा आणि चपला खाऊन या," ती म्हणाली आणि डबा भरून दिला.

दाजी अंगणात खाटेवर बसले होते. त्यांचे पाय कधीचे अधू. मेहुण्याला बघून म्हणाले, "या या! बघा, मला चालता येत नाही म्हणून आता आमच्या घरानंच चालायचं मनावर घेतलंय."

हसायला कुणी नव्हतं. अंगणातून एक भेग गेली होती, लहान मूल पाय घालून बसेल एवढी. समितीच्या माणसांनी भिंतीवरच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, भेग वाढली तर काच तुटणार. सगळ्या तुटल्या होत्या. दुसऱ्या लावायला कुणी आलं नव्हतं. मागच्या पक्क्या खोलीचं दार चौकटीत बसत नव्हतं, त्याला दोरी बांधली होती.

आक्का दाराच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

"आक्का, तू मला विचारलं होतंस. खोली बांधू का म्हणून."

"विचारलं होतं. तू म्हणालास हत्ती नाचव."

"तेव्हा मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

त्यानं सांगितलं. बाईंना सांगितलं होतं तसंच, पण इथं शब्द जास्त लागले. आक्का सोलत राहिली. एक शेंग, दुसरी शेंग. मग तिनं हात थांबवला.

"किती म्हणालास?"

"हातभर."

आक्कानं स्वतःचा हात पुढे केला, कोपरापासून बोटांपर्यंत बघितला. हात म्हातारा झाला होता. "एवढं?"

"एवढंच."

"एवढी जागा मोकळी राहिली असती तर काय झालं असतं?"

"पेटी वाईट दिसली असती," तो म्हणाला.

आक्कानं हात मागे घेतला आणि पुन्हा शेंग उचलली.

"डबा आणलायस का?" आक्का म्हणाली.

"आणलाय."

"मग खा आणि नीघ. पाचची गाडी चुकली तर इथं तुला झोपवायला जागा नाही. मागच्या खोलीत आम्ही आता कुणाला झोपवत नाही."

त्यानं डबा उघडला नाही. गाडीला अडीच तास होते. ते त्यानं खाली रस्त्याच्या भिंतीला टेकून काढले. भिंतीच्या सिमेंटमधून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाणी झिरपत होतं. लालसर.

त्यानंतर वस्ती हलली नाही, नुसती विरत गेली. कुणी मुलाकडे गेलं, कुणी जावयाकडे, कुणी खोऱ्यात भाड्यानं. एका घरानं कौलं काढून नेली, दुसऱ्यानं दारं. सगळी मिळून माथ्यावरच्या सपाटीवर गेली असती तर शेजारी शेजारीच राहिले असते, भांडले असते, बोलले असते. आता बत्तीस घरं बत्तीस दिशांना. आक्का आणि दाजी शहरात मुलाकडे गेले, चौथ्या मजल्यावर. दाजी तिथून खाली उतरू शकत नव्हते. ते त्याच चौथ्या मजल्यावर वारले, आठ महिन्यांत. मामा भेटायला गेला तेव्हा आक्का त्याच्याशी बोलली, पाणी दिलं, जेवायला वाढलं. पण बाबल्या म्हणाली नाही. सगळ्यांसारखं तिनंही त्याला मामा म्हटलं.

दीड वर्षानं प्रस्ताव मंजूर झाला. यंत्र चढवलं गेलं. यंत्राला सपाट जागा लागते, ती आक्काच्या अंगणात मिळाली. मागच्या खोलीची एक भिंत तेवढी पाडावी लागली, दोरी बांधलेल्या दारासकट.

पेट्या टेम्पोतून शेडवर आल्या. आता यंत्रावरची माणसं पेट्या कच्च्याच पाठवतात, मांडणी शेडमध्येच होते. म्हणजे मामाच्या हातानं. बाई सांगून गेल्या होत्या, "तुम्हीच लावा. या वेळी तुमच्याइतकं डोळ्यात तेल घालून कुणी लावणार नाही." त्यात टोमणा होता की भरवसा, मामाला ठरवता आलं नाही. पुढे काय होणार हेही त्या सांगून गेल्या होत्या. मऊ थर सापडला तर तशी नोंद होईल. पण वस्तीत आता राहतं घर उरलेलं नसल्यानं पुनर्वसनाचा प्रश्न येत नाही. हे वाक्य वरून आधीच लिहून आलं होतं. फक्त भोकाची खोली भरायची बाकी होती.

मामा सकाळपासून लावत होता. दहाव्या पेटीपर्यंत काळा दगड. अकराव्या पेटीत एक कांडी हातात आली, तोंडाला काचेसारखी भाजकी कड असलेली. त्याच्यानंतरची कांडी भोकाभोकांची. मधे काही नाही. दोन्ही तोंडांना लाल धुरळा. बोटाला लागला, त्यानं तो विजारीला पुसला.

खेपेत दगड किती कमी भरतोय ते बघायला त्यानं टेप लावली. मग पुन्हा लावली. मग उठून कचेरीत गेला आणि फोन फिरवला.

"आक्का, मी."

"बोल."

"सापडली. ती जागा."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"किती आहे?"

"हातभर. दोन बोटं जास्तच."

"बरं," आक्का म्हणाली. "या वेळी नीट ठेव." आणि फोन ठेवला.

व्हरांड्यातून परत येताना त्यानं फोटोकडे बघितलं नाही. शेडच्या कोपऱ्यात लाल पट्ट्यांचा भारा होता, आता त्या कधी संपत नाहीत, तो स्वतःच दर महिन्याला कापून रंगवून ठेवतो. एक काढली, टेपनं मोजली, दोन बोटं कमी भरली म्हणून दुसरी कापायला घेतली. करवतीचा भुसा पायावर पडला. पट्टी दोन कांड्यांच्या मधे बसवली, दोन्ही बाजूंनी हलत नाही ना बघितलं, आणि ठोकळ्यावर ब्रशनं खोली लिहिली. खाली लिहिलं, 'मिळालं नाही'.

पेटी वाईट दिसत होती. मामानं तिचं झाकण लावलं, उचलून मधल्या फळीवर, नजरेसमोर ठेवली, आणि बारावी उघडली.